फेन्नाची खुर्ची

हार्मकेचा फोन आला की माणूस आधी घाबरायचं आणि मग रडायचं. फोरमवर कुणी कुणाला टाकून बोललं, डॉक्टरांच्या नावानं नको ते लिहिलं, की थोड्या वेळात तिचा फोन यायचाच. "हार्मके बोलतेय, विन्सुमहून. बसलीयेस का? आधी बस." मग ती रागावायची नाही. पोरानं आज काय खाल्लं, तुला झोप लागते का, नवऱ्याशी बोलतेस की नाही, असलंच काहीबाही विचारायची. ठेवता ठेवता म्हणायची, "ते दुपारचं तेवढं पुसून टाक हं, तुझं तूच." आणि आपण पुसायचो. मलाही असा फोन एकदा आला होता. त्यानंतर मी कुणाला वेडंवाकडं लिहिलं नाही.

आमच्या फोरमचं नाव 'स्वयंपाकघरातलं टेबल'. आम्ही नुसतं टेबल म्हणायचो. स्नायू हळूहळू निकामी करणारा एक आजार आहे, लाखात एखाद्या पोराला होतो, आणि ज्यांच्या घरात तो शिरला असे आईबाप देशभरातून तिथे येतात. माझ्या मुलीलाही तोच आजार. सदस्य झालं की टेबलाशी आपली एक खुर्ची होते, असं हार्मकेनंच ठरवलेलं. तिचा मुलगा येले आजारी पडला तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं भाच्याला हाताशी धरून हे टेबल मांडलं. येले गेला. आता ती बंद करील असं सगळ्यांना वाटलं. तिनं बंद केलं नाही. उलट रोज सकाळी उठून सगळ्यांचं सगळं वाचायची, नव्या माणसाला स्वतः आत घ्यायची, आणि लागेल तिथे फोन करायची. अ‍ॅडमिन ती एकटीच.

सुरुवातीला माणसं थोडी होती. पुढे शेजारच्या बेल्जियमहूनही यायला लागली. तिचा नवरा च्यार्ड बोटींच्या कारखान्यात सुतारकाम करून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणायचा, "आमच्या घरात हजारभर पोरं आहेत, पण जेवायला एक येत नाही." ती हसायची आणि जेवणाच्या ताटाशी फोन घेऊन बसायची.

मग एकदा दुकानात बटाटे निवडताना ती खाली कोसळली. हृदयाचं निघालं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी च्यार्डनं तिचा लॅपटॉप कपाटावर ठेवला, तिचा हात पोचणार नाही अशा जागी. "टेबलाच्या किल्ल्या कुणाला तरी दे," तो म्हणाला. "नाहीतर टेबलही जाईल आणि तूही." चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला असं पहिल्यांदाच सांगितलं होतं, म्हणून तिनं ऐकलं. हे सगळं तिनंच मला पुढे सांगितलं.

तिनं दोघांना निवडलं. एक झ्वोलेचा रूलोफ. बसगाड्यांचं वेळापत्रक लावायचं काम करणारा, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची मुलगी तेव्हा चाकाच्या खुर्चीवर आली होती. दुसरी देव्हेंटरची इल्से. औषधांच्या दुकानात काम करायची. तिची मुलगी नोर दोन वर्षांपूर्वी गेली होती, तरी ती टेबलावरून उठली नव्हती. नव्या आयांना औषधांचं इतकं नीट समजावून सांगायची की डॉक्टरांपेक्षा तिचंच आम्हाला कळायचं.

दोघं विन्सुमला आले. रूलोफनं नियम लिहून आणले होते. कुणाला कधी समज द्यायची, किती वेळा द्यायची, नाही ऐकलं तर खुर्ची किती दिवस बंद ठेवायची. ज्याची खुर्ची बंद होईल त्याला काही सांगायचं असेल तर त्यासाठी एक वेगळी मेलपेटी, तिची किल्ली तिघांकडे. हार्मकेनं सगळं वाचलं आणि म्हणाली, "याहून वाईट असू शकलं असतं." आमच्या उत्तरेत, ग्रोनिंगेनकडे, यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

इल्सेनं विचारलं, "आणि फोन?"

"फोन तुम्ही करा असं मी म्हणणार नाही," हार्मके म्हणाली. "तुम्हाला नोकऱ्या आहेत. मला दुसरं काही येत नव्हतं म्हणून मी फोन करत होते."

रूलोफनं स्पष्टच सांगितलं की अनोळखी माणसाला फोन करून बोलणं त्याला जमणार नाही, लिहिणं जमेल. तिला ते आवडलं. खोटं बोलत नाही, म्हणाली. मग तिनंही आपला एक शब्द दिला. त्या मेलपेटीत मी डोकावणार नाही. मी डोकावले तर तुम्ही अ‍ॅडमिन नाही, माझे नोकर व्हाल. किल्ली माझ्याकडे असू दे, पण ती वापरायची वेळ तुम्ही सांगाल तेव्हाच.

आणि खरं सांगायचं तर टेबल सुधारलं. पूर्वी हार्मके आजारी पडली की नवीन माणूस आठवडाभर दाराबाहेर उभा असायचा, आता दुसऱ्या दिवशी आत यायचा. औषधं विकायला येणारे भामटे एका दिवसात बाहेर जायचे. भांडणं कमी झाली. हार्मके बागेत दिसायला लागली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला असं च्यार्ड सगळ्यांना सांगत सुटला होता.

फेन्ना ओस्टिंग एमेनची. एकटी आई. मुलगा सीब्रेन नऊ वर्षांचा. ती टेबलावर आली तेव्हा सगळ्यात जास्त हसवणारी तीच होती. सीब्रेन नर्सला कसा फसवतो, विमा कंपनीच्या बाईला त्यानं फोनवर काय ऐकवलं, असलं लिहायची. त्या हिवाळ्यात सीब्रेनचा श्वास कमी पडायला लागला आणि तिचं हसणं बंद झालं. परदेशात कुठेतरी एक दवाखाना हा आजार बरा करतो असं तिनं वाचलं. तिनं लोकांकडे मदत मागायला सुरुवात केली. आमच्यातल्या काहींनी सांगितलं की तिथे जाऊन आलेलं एकही पोर बरं झालेलं नाही. इल्सेनं तर एकेक औषध घेऊन दाखवलं की यात काही तथ्य नाही. फेन्ना प्रत्येकावर चवताळून जायची. रूलोफनं तिला एकदा समज दिली, मग पुन्हा दिली.

त्याच सुमारास झीलंडच्या लैसबेतनं पहिल्यांदा लिहिलं. तिचा मुलगा शरद ऋतूत गेला होता. शेवटी त्याला श्वासाच्या मशीनवर ठेवायचं नाही असं तिनं आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं होतं, आणि हे तिनं आजवर आपल्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. टेबलावर सांगितलं. त्याखाली फेन्नानं लिहिलं, "तुझा मुलगा आजारानं नाही गेला. तू थकलीस म्हणून गेला."

इल्सेच्या नोरलाही मशीनवर ठेवलं नव्हतं. इल्सेनं ते वाक्य काढून टाकलं आणि फेन्नाची खुर्ची तीन महिन्यांसाठी बंद केली. नियमात बसतं का, एवढं तिनं रूलोफला विचारलं. तो म्हणाला, बसतं. टेबलावर बहुतेकांना ते पटलंच. लैसबेत त्यानंतर बरेच दिवस काही लिहीत नव्हती.

हार्मकेनंही ते पाहिलं. तिनं फोन उचलला, फेन्नाचा नंबर काढला. च्यार्ड समोर बसून बटाटे सोलत होता. तिनंच फोन खाली ठेवला. पुढे ती मला म्हणाली, "मी फोन केला असता तर इल्सेला काय वाटलं असतं? म्हातारीनं दिलं आणि पहिल्याच अवघड वेळी काढून घेतलं, असंच ना?"

खुर्ची बंद म्हणजे लिहिणं बंद आणि वाचणंही बंद. फोरम उघडला की एक राखाडी ओळ दिसायची, अमुक तारखेपर्यंत तुमची खुर्ची बंद आहे. बाकी कोरं.

फेन्नानं पेटीत पहिलं पत्र टाकलं ते शिव्यांचं. रूलोफनं त्याला नियमाप्रमाणे उत्तर दिलं, सभ्य आणि थंड. मग काही आठवडे काही नाही. दुसरं पत्र आलं ते लहानसं होतं. मी लैसबेतला जे बोलले ते बोलायला नको होतं, तिला एवढं कळवाल का, तिचा पत्ता माझ्याकडे नाही. ते रूलोफनं सकाळी कामावर जाताना उघडलं. त्याला वाटलं, खुर्ची इल्सेनं बंद केलीय, लैसबेतशीही तीच बोलते, हे तिचं आहे. त्यानं ते तसंच ठेवलं. पेटीत एकानं पत्र उघडलं की सगळ्यांना ते वाचलेलं दिसतं. संध्याकाळी इल्सेनं पेटी पाहिली, पत्र वाचलेलं होतं, फेन्नाचं नाव होतं. रूलोफनं पहिल्यासारखंच याचंही उत्तर दिलं असणार असं धरून तिनं ते उघडलंही नाही. मनातून तिला ते उघडायचंही नव्हतं, हेही तिनं नंतर कबूल केलं.

दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना. दोन्ही घरचं माणूस वाईट नसतं. चूल दोन्हीकडे पेटलेली असते.

तिसऱ्या पत्राचंही तेच झालं. सीब्रेनला घरी आणलं होतं, आता आणखी काही करायचं नाही असं ठरलं होतं. परदेशातल्या दवाखान्याचा विषय तिनं काढलाच नव्हता. तिला फक्त विचारायचं होतं. रूलोफनं वरच्या दोन ओळी बसथांब्यावर वाचल्या, गंभीर आहे हे त्याला कळलं, आणि इल्सेला सांगायला हवं असं त्यानं मनाशी ठरवलं. त्याच दिवशी त्याच्या मुलीला ताप भरला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. सांगायचं राहिलं. एवढंच झालं.

आमच्याकडे माणूस गेलं की वर्तमानपत्रात चौकट देतात. च्यार्ड रोज सकाळी कॉफीबरोबर त्या चौकटी वाचतो, ओळखीचं नाव आलं तर मोठ्यानं सांगतो. त्या सकाळी म्हणाला, "एमेनचं एक पोर. नऊ वर्षांचं. ओस्टिंग." हार्मकेनं त्याच्या हातातून पेपर घेतला. मग लॅपटॉप मागितला, आणि त्यानं काही न विचारता काढून दिला. तिनं दिलेला शब्द मोडून पेटी उघडली. तीनही पत्रं वाचली.

तिनं पहिला फोन रूलोफला केला. तो म्हणाला, "मला वाटलं, इल्सेनं दिलं असेल उत्तर." इल्सेला फोन केला तर ती म्हणाली, "वाचलेलं दिसत होतं." हार्मकेनं दोघांनाही आणखी काही विचारलं नाही.

अंत्यविधीला हार्मके, च्यार्ड आणि रूलोफ गेले. रूलोफनं कामावरून सुट्टी काढली होती. इल्से आली नाही. तिनं हार्मकेला लिहिलं की मी तिच्यासमोर उभी राहिले तर मला लैसबेत आठवेल आणि माझ्या तोंडून काहीतरी जाईल, त्यापेक्षा नको. हार्मकेला ते बरोबर वाटलं.

शवपेटीवर सीब्रेनच्या वर्गातल्या पोरांनी रंगानं हात उमटवले होते. नंतर शेजारच्या खोलीत कॉफी आणि केकचे तुकडे होते. लोक रांगेनं फेन्नाला हात देत पुढे जात होते. तिच्या शेजारी तिची आई बसली होती, लेकीचा कोट मांडीवर घेऊन. हार्मकेची पाळी आली तेव्हा तिनं आपलं नाव सांगितलं. फेन्नानं तिला पूर्वी पाहिलं नव्हतं, आवाज ओळखीचा होता.

"तू आलीस," फेन्ना म्हणाली.

हार्मके म्हणाली की पत्रांना आम्ही उत्तर दिलं नाही, आम्ही तिघांनी, आणि त्याला काही कारण नाही.

फेन्ना चिडली नाही. रांग थांबली होती, तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "मी टेबल रोज उघडून बघत होते. मला वाटायचं, आज बहुतेक माझी खुर्ची उघडली असेल. मला एवढंच विचारायचं होतं की त्याच्या शेजारी झोपलं तर चालतं का. त्याला हलवलं की दुखायचं. नर्स म्हणाली, तुम्हीच ठरवा. टेबलावर कुणालातरी माहीत असणार. म्हणून विचारत होते."

"मग?" हार्मकेनं विचारलं.

"मी खुर्ची घेऊन बसले. बाजूला. शेवटपर्यंत."

येलेच्या शेवटच्या दिवसांत हार्मके त्याच्या शेजारीच झोपायची. पाठीखाली उशी कशी सरकवायची म्हणजे पोराला हलवावं लागत नाही, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं ते तिथे सांगितलं नाही. आता सांगून काय करायचं? तिनं फेन्नाचा हात दोन्ही हातांत धरला, इतकंच. मागून रूलोफ पुढे झाला, "मी रूलोफ," म्हणाला. फेन्नाच्या आईनं त्याच्या हातात केकची बशी दिली. तो ती धरून भिंतीशी उभा राहिला. गाडीत बसल्यावर तो एकदाच बोलला. "मला ते लिहिता आलं असतं. दोन ओळींचं तर उत्तर होतं."

फेन्नाची खुर्ची हार्मकेनं त्याच दिवशी उघडली. टेबलावर बातमी कळली तेव्हा मोठा गहजब झाला. ज्यांनी खुर्ची बंद केल्याबद्दल आभार मानले होते तेच इल्सेला निर्दय म्हणायला लागले. रूलोफ जबाबदारी सोडतो म्हणाला. बहुतेकांचं म्हणणं होतं, हार्मकेनं सगळं परत आपल्या हातात घ्यावं. तू एकटी होतीस तेव्हा असं कधी झालं नाही, असं तिला लिहीत होते.

तिनं उत्तर लिहिलं, ते मला जवळजवळ पाठ आहे. "झालं आहे. मी एकटी असतानाही फोन राहिलेत. ती माणसं परत आलीच नाहीत, म्हणून तुम्हाला ती ठाऊक नाहीत. मला एकटीला हे पेलत नव्हतं आणि पुढेही पेलणार नाही. रूलोफ जाणार नाही. इल्सेला कुणी काही बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर मला बोला, शब्द मी दिला होता."

रूलोफ राहिला. आता ज्यानं खुर्ची बंद केली त्याचं नाव त्या खुर्चीवर लागतं आणि पत्रं त्याच्याच नावावर येतात. नसेल जमत तर दुसऱ्याला नावानं विचारायचं आणि त्याचा 'हो' येईपर्यंत ते आपलंच. वाचणं कुणाचंही बंद करायचं नाही. रूलोफ आता फोनही करतो. फोन करण्याआधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतो, असं त्याची बायको सांगते. इल्से उन्हाळ्यापर्यंत होती. मग एक दिवस तिनं आपली किल्ली परत केली, नव्या आयांसाठी औषधांची माहिती नीट लावून ठेवली, आणि टेबलावरून उठून गेली. कुणाचा निरोप घेतला नाही. लैसबेत अधूनमधून तिला पत्र लिहिते. उत्तर येतं का, ते मी विचारलेलं नाही.

शरद ऋतूत फेन्नाचा हार्मकेला निरोप आला. टेबलावर नाही, फोनवर. सीब्रेनचं सामान पडून आहे, कुणाला लागत असेल तर घेऊन जा. हार्मके आणि च्यार्ड गाडी घेऊन एमेनला गेले. दारातच खोकी रचून ठेवलेली होती. पोटात दूध घालायच्या नळ्या, न फोडलेल्या. कफ ओढायचं मशीन, धुऊन पुसून, वायर गुंडाळून. फेन्नानं कॉफी विचारली आणि हार्मके हो म्हणाली, पण फेन्ना आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि आली ती कॉफीशिवायच.

फेन्ना म्हणाली, "कुणाला देशील त्याचं नाव मला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"लैसबेतला ते कळलं का? मी लिहिलेलं?"

"वसंतातच कळवलं. मी स्वतः सांगितलं."

"काय म्हणाली?"

हार्मकेला खोटं बोलता आलं असतं. "काही नाही म्हणाली," तिनं सांगितलं. "ऐकून घेतलं आणि फोन ठेवला."

फेन्नानं मान हलवली. मग तिनं स्वतःच एक खोकं उचललं आणि गाडीपर्यंत नेलं. च्यार्डनं मागचं दार उघडून धरलं होतं. तिघांनी मिळून सगळं भरलं. शेवटचं खोकं लहान होतं, त्यात सीब्रेनच्या पायात घालायचे मऊ मोजे होते, टाच घासू नये म्हणून असतात ते. फेन्ना ते घेऊन गाडीशी आली आणि थांबली. च्यार्डनं हात पुढे केला होता.

"हे एक राहू दे," ती म्हणाली.

"राहू दे," च्यार्ड म्हणाला आणि दार लावलं.

पुढच्या आठवड्यात रोसेंडालच्या एका कुटुंबानं सामान मागितलं. रूलोफ स्वतः विन्सुमला येऊन ते घेऊन गेला आणि एवढ्या लांब दक्षिणेला जाऊन पोचवून आला. त्या घरातली मुलगी चार वर्षांची आहे. तिची आई रोज टेबलावर येते आणि फार प्रश्न विचारते.